बाण काढलेली चिन्हं

आप्पा, आज मी गावाकडं गेले होते, आपल्या शाळेत. दुपारच्या बसनं परत आले, चहा टाकला, तो समोर गार होऊ दिला आणि हे लिहायला बसले. तुम्ही होता तेव्हा मी कायम घाईत असायची, त्यामुळं निवांत बसून तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की घरात तुमचं नाव निघालं तर कुणी डोळे पुसत नाही. उलट तुमच्या गमती सांगून सगळे हसतात, मीही हसते. पण या हिवाळ्यात तुमचं नाव निघालं की माझी मान आपोआप खाली जाते. का जाते ते घरात कुणाला ठाऊक नाही. ते तुम्हाला सांगायचंय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती होत नाही.

माझं काम काय हे तुम्हाला कधी नीट कळलं नव्हतं. कुणी विचारलं की तुम्ही ऐटीत सांगायचात, "पोरगी कारखान्यात कॉम्प्युटरवर हाय," जणू काही मी त्याच्यावर स्वार होऊन बसलेय. खरं तर माझा अर्धा दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात जातो. साखर कारखान्याचं ऑफिस म्हणजे गाळपाच्या दिवसांत नुसती जत्रा. ऊस नोंदीचा प्रोग्रॅम वेगळा, काट्यावरच्या वजनाचा वेगळा, बिलांचा वेगळा, पत्रं टाइप करायचा आणखी वेगळा. प्रत्येकाला आपापला प्रोग्रॅम पडद्यावर समोर दिसायला लागतो. दिसला नाही की हाक येते, "ताई, माझं चिन्ह गेलं हो!" मी जाते, खरा प्रोग्रॅम शोधते, राइट क्लिक करते, सेंड टू, डेस्कटॉप. चिन्ह पुन्हा समोर येतं, कोपऱ्यात छोटा वाकडा बाण घेऊन. मग माझं ठरलेलं भाषण: चिन्ह गेलं म्हणजे काम गेलं नाही. चिन्ह ही नुसती वाट आहे, खरी वस्तू आत असते. हे मी इतक्यांदा बोललेय की आता तोंड आपोआप चालतं. आप्पा, ही एवढी एक गोष्ट मला पक्की येते असं माझं मत होतं.

तुम्ही शाळेतून निवृत्त झालात आणि तुमच्या मनानं घेतलं की गॅदरिंगसाठी लिहिलेली सगळी नाटुकली टाइप करायची. दरसाल एक नवं, असं नोकरीभर लिहिलेलं. पत्र्याच्या ट्रंकेत ते कागद होते, पिवळे पडलेले, कडा झडायला लागलेले. धाराशिवच्या दुकानातून एक जुना कॉम्प्युटर मी तुम्हाला आणून दिला आणि माळवदाच्या खोलीत खिडकीपाशी मांडून दिला. आईनं त्याच्यावर विणलेलं कापड घातलं. तुम्ही पहिल्या दिवशी अंघोळ करून, टोपी घालून त्याच्यासमोर बसलात. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधायचात आणि सापडलं की "घावलं!" म्हणायचात. मला हसू यायचं. पण फाइल उघडायला फोल्डरातून फोल्डरात शिरणं तुम्हाला जमेना. "चार घरं वलांडून आपल्या घरात जायचं व्हय?" म्हणालात. म्हणून मी तुम्हाला पहिलं नाटुकलं शॉर्टकट करून समोर आणून दिलं.

तुम्ही चष्मा कपाळावर सारून ते चिन्ह निरखून पाहिलंत. "म्हंजी हे नाटुकलं न्हाय. नाटुकल्याकडं जायची वाट हाय."

"हो आप्पा."

"मग हे आपल्या खंडोबावाणीच झालं की. देव नळदुर्गाला गेला तरी आमी अणदूरच्या देवळात पाया पडतोच."

मला तेव्हा तुमचं कौतुक वाटायला हवं होतं. एकच मूर्ती आणि दोन देवळं, वर्षातले काही दिवस देव इकडं आणि काही दिवस तिकडं, हे आपल्या भागातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण कॉम्प्युटरचा शॉर्टकट समजावून सांगायला ते वापरावं, हे इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. मी मात्र घड्याळाकडं बघत म्हणाले, "तसंच समजा."

"ते समजलं गं. पण पाया पडणाराला देव कुठंय ते ठाऊक असतं. माझी नाटुकली खरी कुठं हायत, तेवढं मला दाव की."

"तुम्हाला काय करायचंय ते? तुम्ही इथं दोनदा टिचकी मारा, उघडतंय. बाकीचं मी बघते."

तुम्ही चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतलात. मग त्या बाणावर बोट ठेवून म्हणालात, "अन् ह्यो बाण कशाला? कुणाला मारायचाय?" तो प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर माझ्याकडं होतं आणि ते दाखवून भाव मारता येणार होता. सेटिंगमधे जाऊन थोडी खुडबुड केली की तो बाण दिसेनासा होतो. केलं मी तसं. तुमच्या पडद्यावरची चिन्हं अगदी खऱ्या फाइलींसारखी दिसायला लागली, बघून काही फरक कळेना. तुम्ही खूश झालात. आईला हाक मारून दाखवलंत, "बघ, पोरीनं बाण उपटून काढला." तुमचा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. मी तो टाळला होता, आणि तुम्ही भला माणूस म्हणून पुन्हा विचारला नाहीत.

त्यानंतर मी सुट्टीला घरी आले की तुमचा एकच धोशा असायचा. नवं नाटुकलं टाइप करून तुम्ही माझी वाट बघत बसलेले असायचात. "तेवढं भायेर काढून ठेव," म्हणायचात. फाइल आत कुठल्या फोल्डरात आहे ते मला ठाऊक, मी शॉर्टकट करून समोर ठेवायची. मग तुम्ही खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचात आणि विचारायचात, "वाचलंस का?" मी उघडायचीसुद्धा नाही. "छान झालंय, आप्पा," म्हणायची. टाइप झालेले कागद काय करायचे असं तुम्ही विचारलंत तेव्हाही मीच म्हणाले, "आता कशाला ठेवता? कॉम्प्युटरमधे आहे ना." मग ते कागद एकेक करून बंबात जाऊ लागले. सकाळी आई पाणी तापवायला तेच कागद पेटवायची. त्या पाण्यानं मी अंघोळ करून कारखान्याला यायची.

वाचायचं का टाळत होते ते मला चांगलं ठाऊक आहे. तुमच्या शाळेत शिकले तेवढी सगळी वर्षं तुम्ही मला एकाही नाटुकल्यात काम दिलं नाही. गुरुजींच्या पोरीला काम दिलं तर गाव नावं ठेवील, असं तुम्हाला वाटायचं. म्हणून मला पडदा ओढायला ठेवलं. पडदा म्हणजे दोन चादरी आणि एक सुतळी. मी कडेला उभी राहून सगळ्यांच्या पाठी बघायची, समोरची माणसं हसायची, आणि कशाला हसतात ते मला दिसायचं नाही. तो राग मी इतकी वर्षं पोटात धरून बसले. पोरवयात रुसले ते ठीक आहे. पण केस पिकायला लागले तरी रुसवा सोडू नये, याची आता लाज वाटते.

तुम्ही गेलात तेव्हा गाळपाचे दिवस होते. तेराव्यानंतर आईला माझ्याकडं धाराशिवला आणायचं ठरलं, घराला कुलूप लागणार होतं. तुमचा कॉम्प्युटर चालूबंद व्हायला लागला होता. तो नेऊन कुठं ठेवायचा, म्हणून निघायच्या दिवशी मी एक पेन ड्राइव्ह लावला, पडद्यावरची तुमची सगळी चिन्हं एकदम धरली आणि कॉपी केली. बाहेर जीप उभी होती, आई भांडी बांधत होती. कॉपी डोळ्याचं पातं लवायच्या आत झाली. तुमची नोकरीभराची नाटुकली, आणि एवढ्यात झाली? कारखान्यात दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मी तिथंच थांबवून म्हणाले असते, थांबा, काहीतरी चुकतंय. घरच्या कामात मी एवढंही पाहिलं नाही. बाण तर मीच काढून टाकला होता, त्यामुळं त्या खऱ्या फाइली नाहीत, नुसत्या वाटा आहेत, हे दिसायचीही सोय उरली नव्हती. कॉम्प्युटर मी पुढल्याच आठवड्यात पुन्हा गावी जाऊन भंगारवाल्याला दिला.

त्या पेन ड्राइव्हचं पुढं काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला हसायला तरी येईल. अणदूरच्या भंडाऱ्याची पितळी डबी आहे ना आपली, तिच्यात तो ठेवला आणि डबी देव्हाऱ्यात. दर खंडेनवमीला कारखान्यात आम्ही कॉम्प्युटर पुसून त्यांना हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल ठेवतो. घरी मी आईची कात्री, विळी आणि तुमचा पेन ड्राइव्ह पाटावर मांडायची. त्यालाही कुंकू लावायची. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आप्पांची सगळी नाटुकली आहेत यात." आई त्याला हात जोडायची. एवढं सगळं केलं, फक्त तो कधी उघडला नाही.

मागच्या महिन्यात शाळेतून फोन आला. आता मुख्याध्यापिका तुमचीच विद्यार्थिनी आहे, ती बारकी, मोठ्या आवाजाची पोरगी, जिला तुम्ही नाटुकल्यात म्हैस केलं होतं. म्हणाली, "ताई, गुरुजींची समदी नाटुकली तुमच्यापाशी हायत म्हणं. औंदा गॅदरिंगला 'म्हशीचा सौदा' करायचाय. लेकरांनी तालमीचा लई धोशा लावलाय." मग फोनवरच म्हशीचा आवाज काढून म्हणाली, "मला इकायच्या आधी मला इचारलं का?" आणि खदखदून हसली. मीही हसले, आठवल्यासारखं. मला ते वाक्य आठवत नव्हतं. "उद्या पाठवते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या कॉम्प्युटरला तो पेन ड्राइव्ह लावला. कुंकू खाचेत गेलं होतं, ते टाचणीनं काढावं लागलं. नावं सगळी दिसली, तुम्ही दिलेली एकेक. आणि प्रत्येक नावाच्या चिन्हावर, कोपऱ्यात, तो वाकडा बाण. तुमच्या कॉम्प्युटरवर मी तो झाकून टाकला होता, इथं तो दिसत होता. मी 'म्हशीचा सौदा'वर दोनदा टिचकी मारली. ही वाट जिकडं जाते तिकडं आता काही नाही, असं त्यानं इंग्रजीत सांगितलं. दुसरं उघडून पाहिलं, तिसरं पाहिलं. मग उघडून बघायचं सोडलं. खऱ्या फाइली तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात होत्या, आणि ते पोट मी भंगारात घातलं होतं.

शेजारच्या टेबलावरचे शेतकी विभागाचे भाऊ डबा झाकता झाकता म्हणाले, "ताई, तोंड का उतरलं? बरं न्हाय व्हय?" मी काही नाही म्हणाले. तर ते म्हणतात, "मग जरा हिकडं या की, माझं ऊस नोंदीचं चिन्ह गेलंय." मी उठले. राइट क्लिक, सेंड टू, डेस्कटॉप. त्यांनी हसत विचारलं, "चिन्ह गेलं म्हंजी काम गेलं न्हाय, व्हय ना ताई?" माझं भाषण त्यांना पाठ झालंय. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

शाळेत फोन करून सांगितलं की पेन ड्राइव्हमधे व्हायरस शिरला आणि सगळं खाऊन गेला. किती सोपं असतं आप्पा, हे म्हणणं. व्हायरस म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही, उलट आपल्यालाच धीर देतात. ती बिचारी म्हणाली, "असू द्या ताई, तुमाला किती वाईट वाटलं असंल." आणि घटकाभरानं तिचाच पुन्हा फोन. ज्यांनी ज्यांनी त्यात काम केलं होतं त्यांना ती रविवारी शाळेत बोलावणार होती. ज्याला जे आठवेल ते त्यानं सांगायचं. "टायपिंगला मातर तुमीच या. गुरुजींची लेक पायजे."

तर आज गेले. तुमच्याच वर्गात बसलो. म्हशीचा मालक झालेला आता किराणा दुकान चालवतो, तो दुकान बायकोवर टाकून आला होता. दलाल झालेला उसाचा ट्रॅक्टर चालवतो, तो तर ट्रॅक्टरच घेऊन आला आणि शाळेच्या दारात उभा केला. मला शाळेच्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची दिली, खाली चादरीची जाड घडी घातली, पाण्याचा तांब्या ठेवला. एकेक जण आपापलं वाक्य सांगायला लागला आणि मी टाइप करायला लागले. दलाल आणि मालक रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, तर म्हैस मधेच आपला खूर रुमालाखाली घालते आणि स्वतःचा भाव स्वतः सांगते, तेव्हा मी खरंच हसले. इतकं हसले की टाइप करणं थांबलं. हे तुम्ही लिहिलं होतं, आप्पा! लोक इतकी वर्षं कशाला हसायचे ते मला आज समोरून दिसलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ताई, तुमाला तर तोंडपाठ असंल समदं." मी पुढचं वाक्य टाइप करायला घेतलं.

शेवटाशी गाडी अडली. म्हैस विकली जात नाही, बाजार उठतो, मालक वैतागून खाली बसतो. मग म्हैस काहीतरी म्हणते आणि तो उठून तिच्या मागं जातो, एवढं म्हशीला आणि मालकाला दोघांनाही आठवत होतं. काय म्हणते ते आठवेना. "माझंच वाक्य अन् मलाच घावंना," मुख्याध्यापिका कपाळावर हात मारून म्हणाली. मग दुकानदार माझ्याकडं वळला. "ताई, पडदा तुमीच वढत हुता की. शेवटचं वाक्य झाल्याबिगर पडदा कसा वढणार?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या वाक्याला माझ्याइतकं जवळ कुणीच उभं नव्हतं. पण मी ते कधी ऐकलंच नाही, आप्पा. पलीकडच्या कडेला तुम्ही उभे असायचात, मी फक्त तुमच्या हाताकडं बघायची. तुम्ही हात खाली केला की सुतळी ओढायची. तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला ठाऊक नाही, आणि व्हायरसही आला नव्हता. शब्द अगदी ओठांवर होते. त्याऐवजी दुसरंच काहीतरी तोंडातून बाहेर पडलं.

"म्हैस म्हणते, 'तू नुस्ता माझ्या मागनं ये. घर कुठंय ते मला ठाऊक हाय.'"

मुख्याध्यापिकेनं कपाळावरचा हात खाली घेतला. मग ट्रॅक्टरवाल्यानं मांडीवर थाप मारली. "व्हय, व्हय! हेच हुतं! गुरुजींबिगर असं कोण लिवणार?" दुकानदारानं मान डोलावली, त्यालाही आता आठवलं म्हणे. मुख्याध्यापिकेनं डोळ्यांना पदर लावला आणि तेच वाक्य म्हशीच्या आवाजात पुन्हा म्हणून दाखवलं. मी ते टाइप केलं. खाली लेखक म्हणून तुमचं नाव घातलं. शाळेचा क्लार्क म्हणाला, "ताई, ह्याचं चिन्ह तेवढं भायेर काढून ठिवा." मी काढून दिलं, बाणासकट. आणि त्याला शेजारी बसवून खरी फाइल आत कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं, दोनदा. तुम्ही एवढंच मागितलं होतंत.

गॅदरिंगला मला पहिल्या रांगेत बसवणार आहेत. तुमच्या नावानं नारळ फुटेल, पोरं तुमचं नाटुकलं करतील आणि शेवटी लोक टाळ्या वाजवतील. तुमचं खरं वाक्य काय होतं ते आता कुणालाच कधी कळणार नाही. हे पत्र कुणाला दाखवायचं धाडस माझ्यात नाही, आणि पाठवायचं तर कुठं पाठवणार? त्या सगळ्यांचं तोंड बघून मी आज गप्प बसले, असं मी बसमधे स्वतःला समजावत आले. ते खरं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं मांडीवर थाप मारली ना, तेव्हा मला लाज नंतर वाटली, आप्पा. आधी आनंद झाला. तुमच्या नाटुकल्यात मला शेवटी काम मिळालं होतं.